चाक जागच्या जागी फिरतं तेव्हा

४ जानेवारी

ती. बाबा,

नमस्कार. पोहोचून आठवडा झाला. फोन करणार होते, पण इथे खाणीच्या दरीत टॉवर नाही, आणि असता तरी तुम्हाला माझ्या "हॅलो"पलीकडे काय ऐकू आलं असतं? सगळी नोकरी लोडरच्या इंजिनाशेजारी बसून तुम्ही कान कंपनीला देऊन टाकलेत. तेव्हा पत्रच बरं. डिझेलचा टँकर आठवड्यातून एकदा येतो, त्याचा ड्रायव्हर पत्रं नेतो आणि आणतो.

खोली पत्र्याची आहे, कॅन्टीनच्या मावशींबरोबर. त्या घोरतात, पण मनाने सोन्यासारख्या. माझा लोडर, म्हणजे मशीन, बघाल तर खूश व्हाल. एकेक चाक माझ्यापेक्षा उंच! बकेटमध्ये आपला अख्खा ओटा भांड्यांसकट मावेल. सुरुंगाने फोडलेला दगड ढिगातून उचलायचा आणि डंपरमध्ये टाकायचा, एवढंच काम. पण ढिगापुढची जमीन वाईट आहे. डोंगरातून पाणी झिरपतं, खाली चिकणमाती, वर दगडाचे तुकडे. बकेट ढिगात घुसली की मशीन अडतं आणि चाकं मात्र जागच्या जागी फिरायला लागतात. दगडावर चाक फिरलं की टायर सुरीने चिरल्यासारखा फाटतो. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक गेला.

मशीनमध्ये एक पिवळा दिवा आहे. चाक घसरायला लागलं की तो लागतो आणि मशीन आपोआप जोर कमी करतं. मग ढिगात शिरल्यावर मेलं दम सोडतं. बाकीचे ऑपरेटर त्याचं बटण बंदच ठेवतात. त्याला ते "सासूचा दिवा" म्हणतात. आईंना हे वाचून दाखवू नका.

इन्चार्ज साहेबांनी सांगितलंय, मार्चअखेरपर्यंत बघतो, जमलं तर कायम, नाहीतर घरी. आणि आईंची अटही तुम्हाला माहीत आहे: कायम झाले नाही तर परत यायचं आणि पुन्हा मशीनचं नाव काढायचं नाही. चिमी अजून पाच वर्षांची आहे, त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पण बाबा, मला हे काम हवंय. बटणाचं काय करू, सांगा.

तुमची सून


१२ जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

सासूचा दिवा मी वाचून दाखवला नाही. तिनेच वाचला. पत्र आलं की आधी ती फोडते, हे तुला माहीत नाही का? चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "दिवा लागतो म्हणजे काहीतरी उजेड तरी पडतो ना?" मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला ऐकू येत नसल्याने हे संध्याकाळी कळलं.

आता कामाचं. बटण बंद कर. आमच्या मशीनला असले लाड नव्हते. लोडर पायाने आणि कानाने चालवायचा. ढिगाजवळ येताना पाय हलका. सरळ शीर, मशीन वाकडं असताना घुसू नकोस. चाक सुटायच्या आधी इंजिनाचा आवाज बदलतो, जरा मोकळा होतो, पाणी उकळायच्या आधी भांडं बोलतं तसा. तो आला की पाय उचल. आणि जमीन साफ ठेव. सांडलेला दगड दर खेपेला बकेटने ओढून बाजूला कर, त्याचा आळस करू नकोस.

अजून एक. नवीन माणूस बकेट जमिनीवर दाबतो. दाबली की पुढची चाकं हलकी होतात, आणि हलकं चाक फिरणारच. उलट, शिरताच बकेट थोडी वर घे. ढिगाचं ओझं पुढच्या चाकांवर बसू दे. ओझ्याखालचं चाक गुमान चालतं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी स्वतः त्याचा पुरावा आहे.

नाचता येईना अंगण वाकडं, असं साहेबाने म्हणू नये म्हणून एवढं सांगितलं. तू करशील. तुला पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसवलं तेव्हाच मला कळलं होतं, हिचा हात जड नाही.

बाबा


२५ जानेवारी

ती. बाबा,

तुमचे उपकार कसे फेडू? पत्र मिळाल्याबरोबर बटण बंद केलं, आणि मशीन एकदम पैलवान झालं. चार दिवस बकेट काठोकाठ भरत होती. डंपरवाले हॉर्न वाजवायचे थांबले. जमीन मी दर खेपेला झाडते, शेजारच्या लोडरवरचा ऑपरेटर हसतो, "वहिनी, आता सडा घाला." त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो आहेच तसा. हसू दे.

फक्त एक गोष्ट. आवाज ऐकायला केबिनची काच उघडी ठेवावी लागते. बंद काचेतून बाहेरचं काही येत नाही, इतकी घट्ट आहे. काच उघडली की धूळ आत येते. संध्याकाळी आरशात पाहिलं तर मी मलाच ओळखत नाही. मावशी म्हणतात, तोंड धुऊन ये, मग सांगते तू कोण ते.

पण तुम्ही सांगितलंय म्हणजे काच उघडी. मला माहेरात कोणी सायकल शिकवली नाही, बाबा. तुमची कंबर गेल्यावर तुम्ही मला अंगणातल्या, भंगारात घेतलेल्या जुन्या लोडरवर बसवलंत, शेजारीपाजारी काय म्हणतील याचा विचार केला नाहीत. ढिगात शिरताना रोज तुमची आठवण येते.

चिमीला पापा. तिच्या बाबांना म्हणावं, दप्तराची चेन दुरुस्त करून द्या.

तुमची सून


२ फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र मी चहाच्या टपरीवर तिघांना वाचून दाखवलं. चौथा नको म्हणाला, त्यालाही दाखवलं. छाती फुगली माझी. घरी आलो तर तुझी सासू म्हणाली, "धूळ तिच्या फुफ्फुसात, आणि फुगते तुमची छाती." बाईमाणसाला खोच कुठे मारायची हे कळतं.

चिमीच्या दप्तराला नवी चेन बसली. ती आता शाळेत सांगते, माझी आई डोंगर उचलते.

टायर कसे आहेत ते लिही. डाव्या बाजूचे आधी जातात, कारण डंपरकडे वळताना ओझं तिकडे येतं. आणि आवाज येतो ना नीट?

बाबा


१९ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, राग मानू नका. इथे सगळं ठीक. हवा बदलली आहे, दुपारी ऊन चांगलंच लागतं. मावशींनी मला त्यांचा मफलर दिलाय, म्हणजे आता त्याचा उपयोग नाही म्हणून दिलाय. मावशींच्या लेकीचं लग्न ठरतंय, रोज त्याच गप्पा. चहा इथे फार गोड करतात.

डंपर येतात, जातात. दिवस कसा जातो कळत नाही.

आईंना नमस्कार. चिमीने काढलेलं चित्र मिळालं, खोलीत लावलं आहे. डोंगराला पाय काढलेत तिने.

तुमची सून


२६ फेब्रुवारी

सूनबाई,

मी टायरचं विचारलं, तू चहाचं सांगितलंस.

कान गेलेत माझे, डोकं नाही. मशीनवर बसणारा माणूस दोन ओळींत तरी मशीनला शिव्या घालतो. तुझ्या पत्रात बकेट नाही, ढीग नाही, पैलवान नाही. डंपर येतात-जातात म्हणे! ते कुठून दिसतात तुला?

काय झालंय ते सरळ लिही. मी कोणावर ओरडणार नाही. ओरडलो तरी मला ऐकू येणार नाही.

बाबा


५ मार्च

ती. बाबा,

तुमच्यापासून काही लपत नाही. डंपर मला काटाघराच्या खिडकीतून दिसतात. तीन आठवडे झाले, मी वजनकाट्यावर बसते. गाडी आली की बटण दाबायचं, गाडी गेली की बटण दाबायचं.

झालं असं की अजून दोन टायर गेले. दोन्ही एकाच आठवड्यात, पुढचे. मी सगळं तुमच्यासारखंच करत होते. पाय हलका, काच उघडी, बकेट वर. पण या इंजिनाला एवढा जोर आहे की आवाज बदललेला कळेपर्यंत चाक अर्धं फिरून झालेलं असतं. आणि शेजारी खडी करणारा क्रशर चालू असतो, त्याच्या खडखडाटात कुठला आवाज कुणाचा तेच समजत नाही. दुसरा टायर फाटला तेव्हा मला काही ऐकूच आलं नाही. पैलवानाने हात हलवून थांबवलं.

साहेब वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही कष्टाळू आहात, पण मशीन प्रत्येकाला जमत नाही." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. माझ्या लोडरवर आता पैलवान बसतो.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही टपरीवर पत्र वाचून दाखवलंत असं लिहिलं होतं. तुमची मान खाली जावी असं मला वाटत नव्हतं. यात तुमची काही चूक नाही, बाबा. माझाच कान तयार नाही. मार्च संपला की बॅग भरते. आईंना सांगा, त्यांची अट मी मोडणार नाही.

तुमची सून


१५ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

बॅग भरायच्या आधी हे पूर्ण वाच.

तुझं पत्र वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. तू लिहितेस तुझा कान तयार नाही. अगं, कान काय तयार व्हायचा! मला शंका आली ती वेगळीच. मी ते नवं मशीन उभ्या जन्मात चालवलेलं नाही. घरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि तू बिचारी त्या हाकत राहिलीस.

शहरात मशीनचा डेपो आहे. तिथे ऑपरेटरांचा वर्ग चालतो. गेलो. शिकवणारी बाई तुझ्याच वयाची. मला म्हणाली, "आजोबा, कोणाला भेटायचंय?" म्हटलं, "तुम्हालाच, शिकायला आलोय." तिने बसू दिलं. देव तिचं भलं करो. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर सगळं फळ्यावर लिहायला लागली.

मग तिने मला तुझ्यासारख्याच मशीनमध्ये बसवलं. दार लावलं. इंजिन सुरू केलं. मला काही ऐकू आलं नाही, त्यात नवल नाही. मी खुणेने तिला विचारलं, तुला किती ऐकू येतंय? तिने लिहिलं: जवळजवळ काहीच नाही. सूनबाई, मी हसायला लागलो तो थांबेचना. त्या केबिनमध्ये आम्ही दोघं सारखेच बहिरे! आणि मी तुला कानाने चालव म्हणून सांगत होतो.

तिने समजावलं ते असं. चारही चाकांना मोजणारी यंत्रं लावलेली आहेत. चाकाचा वेग आणि मशीनचा वेग यांत फरक पडला की त्यांना आपल्या पायाच्या कितीतरी आधी कळतं. तो दिवा म्हणजे मशीनचा कान आहे. तू काच उघडून जे ऐकायला बघत होतीस ते तो आधीच ऐकत होता, आणि मी तुला त्याच्यात कापूस घालायला सांगितला. चूक माझी आहे. तुझी नाही. हे टपरीवरही सांगून आलो.

मग मी विचारलं, पण मशीन दम का सोडतं? बाई म्हणाली, पुढच्या चाकावर ओझं नसेल तर चाक सुटतं, सुटलं की मशीन जोर काढून घेतं. म्हणजे बघ, बकेट वर घेण्याचं जे सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. दोन्ही एकत्र कर. दिवा चालू ठेव, आणि शिरताच बकेट उचल. चाक दबलेलं राहिलं तर मशीनला जोर काढायचं कारणच उरणार नाही. मी डेपोतल्या मातीच्या ढिगावर करून पाहिलं. दिवा लागला नाही. बाईने टाळ्या वाजवल्या, त्या मला दिसल्या.

आता साहेबाकडे जा आणि एक पाळी माग. तोंड आहे ना तुला? माझ्याशी भांडताना तर बरंच असतं.

बाबा


२८ मार्च

ती. बाबा,

कुठून सुरू करू? हात भरून आलाय, दिवसभर लिव्हर धरल्याने. आता कळलं ना मी कुठून लिहितेय?

तुमचं पत्र घेऊन साहेबांकडे जायची माझी छाती होईना. तेवढ्यात पैलवानाचाही टायर फाटला, माझ्याच लोडरचा, त्याच ढिगापुढे. तो बिचारा काटाघरात आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, हसत होतो तुम्हाला. जमीनच राक्षस आहे." मी त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं. मग तोच उठला आणि मला साहेबांकडे घेऊन गेला. म्हणाला, "साहेब, उद्याची पाळी यांना द्या. फाटला तर माझ्या नावावर लिहा."

बाबा, कोण कुठला माणूस! मी त्याची कोण लागते?

सकाळी बसले. काच बंद केली. बटण चालू केलं. पहिल्या खेपेला घाबरून बकेट उशिरा उचलली, दिवा लागला, मशीन मऊ पडलं. मागून डंपरने हॉर्न दिला असावा, मला कुठे ऐकू येतंय! दुसऱ्या खेपेला ढिगाच्या अंगात शिरताक्षणी उचलली. पुढचं नाक खाली दबलं, सीटमधून मला ते जाणवलं, आणि मशीन घुसतच गेलं. दिवा नाही. चाक नाही फिरलं. बकेट भरून आली. मी केबिनमध्ये एकटीच "अहो बाबा!" म्हणून ओरडले. काच बंद होती म्हणून अब्रू वाचली.

पाळी संपल्यावर साहेबांनी स्वतः चारही टायर हात लावून पाहिले. एकही चीर नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "दिवा चालू ठेवून? बकेट कशी भरली?" मी सांगितलं, सासऱ्यांनी शिकवलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पुढचे सगळे दिवस त्यांनी मलाच बसवलं, आणि आज सकाळी बोलावून सांगितलं: कायम. बाकीच्यांनाही बटण चालू ठेवायला सांगितलंय, आणि बकेट कधी उचलायची ते मी दाखवायचं आहे. पैलवान माझा पहिला विद्यार्थी. त्याचा हात जड आहे, पण मन लावून करतो.

बाबा, तुमचं वय काय, कंबर काय, आणि तुम्ही माझ्यासाठी वर्गात जाऊन बसलात. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी खूप केलं, पण "मी चुकलो, तू नाहीस" हे मला आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं. ते वाचलं नसतं तर मी बॅग भरून निघाले असते आणि जन्मभर स्वतःला बिनकामाची समजले असते. त्या डेपोतल्या बाईंना माझा नमस्कार सांगा. आणि आईंना सांगा, अट मी पाळली आहे, पण त्यांच्या मनात अजून काही असेल तर मी ऐकेन.

तुमची सून


५ एप्रिल

चि. सूनबाई,

हे पत्र तुझ्या सासूचं आहे. मी कोणाला पत्र लिहीत नाही, त्यामुळे कसं सुरू करतात ते येत नाही. तसंच लिहिते.

तुझं पत्र आलं. मी फोडलं. ह्यांना वाचून दाखवलं म्हणजे त्यांच्या हातात दिलं. वाचून झाल्यावर मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होते.

त्यांनी तुला सगळं लिहिलं नाही ते मी सांगते. डेपोत ते एकदाच नाही गेले. आठवडाभर रोज जात होते, दोन बस बदलून. मला म्हणायचे, पाय मोकळे करून येतो. कमरेला शेकायला लागायचं रात्री, तरी पाय मोकळेच करायचे होते! एक दिवस मी मागोमाग गेले. म्हटलं, या वयात हे काय खूळ. खिडकीतून बघितलं तर म्हातारा पहिल्या बाकावर, आणि हात वर करून काहीतरी विचारतोय. सगळी तरुण मुलं वळून बघतायत. ह्यांना त्याचं काही नाही. मी तशीच परत आले आणि त्यांना कळू दिलं नाही. तूही सांगू नकोस.

मला तुला दुसरंच सांगायचंय. ह्यांच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी धुळीने माखून यायचे. काय करता, विचारलं तर म्हणायचे, "दगड उचलतो." मला वाटायचं, दगड उचलण्यात काय असतं. तुझी पत्रं वाचायला लागले तेव्हा कळलं, ढिगात शिरायचं कसं, चाक दबतं कसं, पाय कधी उचलायचा. ह्या माणसाने जन्मभर काय केलं ते मला तुझ्यामुळे समजलं. परवा मी त्यांना विचारलं, त्यांच्या जुन्या मशीनचं चाक कुठलं आधी सुटायचं? ते बोलत बसले, दिवेलागणीपर्यंत. असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. त्याबद्दल तुझे आभार मानते. सासूने सुनेचे मानायचे नसतात म्हणतात, पण मानते.

आता अटीचं. तू गेलीस तेव्हा मी तुझी बॅग भरायला हात लावला नाही. मार्च संपायची मी वाट बघत होते, तू परत यावीस म्हणून. खोटं कशाला बोलू? मार्च संपला. अट मी मागे घेते. मशीन सोडून यायचं नाही. सुट्टीला ये, चिमीला तिची आई दोन दिवस हवी आहे, मग परत जा. तिचं सगळं मी बघते, तू घोर लावून घेऊ नकोस.

एकच काम कर. पत्र लिहिताना बकेटचं, टायरचं, ढिगाचं सविस्तर लिहीत जा, माझ्या नावाने लिही. मी आता समजून वाचते.

तुझी आई